एकच माप

इब्राहीम मास्तर टेप न लावता आमचे कपडे शिवायचे. कापड घेऊन मल्लिनाथ गेला काय आणि मी गेलो काय, त्यांना सारखंच. "तुम दोनों का एकच माप है साब. एक को नापा तो दोनों का हो गया," असं म्हणत ते कापड काखेत मारायचे आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळायचे. छाती, पोट, कॉलर, मांडी, सगळं सारखं. दिवाळीला आम्ही एकाच ताग्यातलं कापड घ्यायचो. ऑफिसात आमची टेबलं शेजारी-शेजारी. सारखे शर्ट घालून दोघं आत शिरलो की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे म्हणायचे, "डबल चादर आली." सोलापुरात माणसाला नाव ठेवायचं झालं तरी ते मागावरूनच विणून येतं. आम्हाला त्याचा राग नव्हता. जाड माणसाला लोकांचं हसू एकट्यानं सोसावं लागतं. आम्ही दोघं होतो, वाटून घ्यायचो.

ही जोडी मल्लूनं मोडली. त्याच्याविषयी चार शब्द लिहायचे तर आधी हे सांगून टाकतो की मी त्याच्यावर जळतो. पूर्वी जळायचो आणि आता निवळलो, असलं काही नाही. आज सकाळीसुद्धा पँटचं बटण लावताना श्वास आत ओढला तेव्हा पहिली आठवण त्याचीच झाली, आणि ती चांगल्या शब्दांत झाली नाही.

मल्लू मूळचा अक्कलकोटकडच्या एका खेड्यातला. घरात कानडी, ऑफिसात मराठी, मास्तरांशी दखनी. तिन्ही भाषांत त्याचं पोट त्याच्या आधी हसायचं. काही विनोद झाला की आधी शर्टाची बटणं हलायची, मग खांदे, आणि सगळ्यात शेवटी तोंडातून आवाज. ऑफिससमोरच्या गाडीवर भज्यांचा घाणा पडला की वास आधी कुणाला येतो, यावर आमची पैज असायची. बहुतेक वेळा तोच जिंकायचा. "चल बे दत्त्या, तेल तापलं," म्हणायचा आणि फायलीवर पेपरवेट ठेवून उठायचा. गाडीवाला आम्हाला बघून पिठात कांदा वाढवायचा.

त्याच्या घरात मात्र एक वाईट गोष्ट होती. वडील पन्नाशीच्या आत गेले. शेतातून आले, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं आणि ते पाणी हातातच राहिलं. थोरला भाऊ शिवानंद, तोही पन्नाशीच्या आतच, एका लग्नाच्या पंगतीत वाढता-वाढता खाली बसला. दोघंही आमच्याच मापाचे. भावाचं सगळं उरकून मल्लू कामावर आला त्या दिवशी त्यानं भज्यांच्या गाडीकडे पाठ केली आणि मला म्हणाला, "आमच्या घरात पन्नाशीचं दार लई अरुंद हाय बे. आडवा माणूस जात न्हाई त्यातनं." त्याला तेव्हा पन्नाशीला पाचेक वर्षं होती. मी त्याच्याहून वर्षभरानं लहान.

त्याच्या आईला, अव्वाला, दोन गेल्यानंतर हा एकच उरला होता. तिनं गावच्या देवळात नवस बोलला. माझ्या मल्लूला पन्नाशी ओलांडू दे, त्याच्या वजनाएवढा गूळ वाटीन. मल्लूनं हे मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "अव्वाला सांग, आधी गुऱ्हाळच घालून ठेवा." तो हसला, पण बटणं हलली नाहीत. आणि मला हसता-हसता मध्येच काहीतरी टोचलं. माझी आई मी नोकरीला लागायच्या आधीच गेली. वजन आमचं एकच, पण माझ्या वजनाचा गूळ कुणी देवाला कबूल केलेला नव्हता. मत्सराचा पहिला खडा तिथे पडला, सायकल तर अजून माडीवरून खाली यायची होती.

ती सायकल शिवानंदची. कधीतरी हौसेनं घेतलेली, महिनाभर चालवून माडीवर टांगून ठेवलेली. चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात त्याचं नाव. मल्लूनं ती उतरवली, तेलपाणी केलं, आणि नाव तसंच ठेवलं. कानडीत थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, म्हणून तो सायकलीलाच अण्णा म्हणायला लागला. "अण्णाला हवा भरून येतो." "अण्णाला उन्हात ठेवू नका रे, सावलीला घ्या." नव्या शिपायाला वाटायचं याचा म्हातारा भाऊ बाहेर उभा आहे, तो बिचारा एकदा पाण्याचा ग्लास घेऊन खाली गेला होता.

पहिले काही दिवस त्या सीटच्या स्प्रिंगा अशा ओरडायच्या की गल्लीतली कुत्री उठून बसायची. विजापूर रस्त्यानं जायचं, कंबर तलावाला वळसा घालायचा आणि घरी यायचं, असा त्याचा नेम. सोलापूरकरांना या तलावाच्या नावाचं काही वाटत नाही, पण मला आता वाटतं. नावातच कंबर. मल्लूची तिथेच हरवली आणि कुणी ती शोधायला गेलं नाही. पहिल्या आठवड्यात तो ऑफिसात खुर्चीवर तिरका बसायचा. मी मनातल्या मनात खूश होतो. म्हटलं, दुखू दे, येतोय बघ परत गाडीवर.

तो आला नाही. उलट त्यानं जेवण बदललं, आणि बदललं म्हणजे तरी काय? काही आणलंच नाही नवीन. डब्यात त्याची बायको महादेवी कडक भाकरी द्यायची, मटकीची उसळ, एखादी पालेभाजी, दही, काकडी, आणि शेंगाची चटणी चिमटीत मावेल एवढी. हे सगळं आमच्या ताटात जन्मापासून होतंच. आम्ही त्याच्यावर तेल ओतत होतो आणि त्यानंतर गाडीवर जात होतो, एवढाच फरक. कडक भाकरीचा तर त्यानं ध्यासच घेतला. मोडून, एकेक तुकडा दाढेखाली धरून, सावकाश. कडाम, कडाम. जेवणाच्या सुट्टीत सगळा हॉल तो आवाज ऐकत बसायचा. "कडक भाकरी खाणाऱ्याला गडबड करता येत न्हाई बे," तो म्हणायचा, "दातच न्हाई म्हणतात." माझी पोळी-भाजी तोवर संपलेली असायची आणि मी डबा धुऊन त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो.

आणि त्याचा तो एक शब्द. साक. कानडीत 'पुरे'ला साकु म्हणतात, मल्लू नुसतंच साक म्हणायचा. आधीच्या सगळ्या वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकलेला नव्हता. आता कुणाकडे बारसं असो, साहेबांची बढती असो, वाढणारा आला की मल्लू ताटावर तळहात आडवा धरायचा आणि म्हणायचा, "साक." न रागावता, न लाजता. त्यात 'डॉक्टरांनी सांगितलंय' नाही, 'पोट बरं नाही' नाही. यजमानाला आग्रह करायला फटच राहायची नाही. मी घरी आरशासमोर हा शब्द म्हणून पाहिला आहे. माझ्या तोंडात तो प्रश्नासारखा येतो.

त्यानं मला उपदेश केला असता तर फार बरं झालं असतं. उपदेश करणाऱ्याला शिव्या घालता येतात. एका रविवारी सकाळी तो शेजाऱ्याची सायकल मागून घेऊन माझ्या दारात उभा राहिला. बायको सुनंदा मागून म्हणाली, "जा की, मल्लूभावजी एवढं आलेत." गेलो. होटगी रस्त्याला लागेपर्यंत माझं बरं चाललं होतं. पुढे एका गाडीवर भजी तळत होते. मी म्हणालो, "मल्लू, चाकात हवा कमी वाटतीय, तू हो पुढं." तो पुढे झाला. त्याची फेरी होऊन तो परत आला तेव्हा माझ्या बोटांना चटणी लागलेली होती. त्यानं माझ्या चाकाकडे बघितलं. वाकून अंगठ्यानं ते दाबलं. चाक दगडासारखं टणक. मग गाडीवाल्याकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, प्यायला, आणि म्हणाला, "चल, ऊन व्हायच्या आत पोचू." बस. परतीच्या रस्त्यात तो माझ्या मागे राहून सायकल चालवत होता, म्हणजे मला घाई होऊ नये. इतका राग मला कधी कुणाचा आला नाही.

माणूस हळूहळू बारीक होतो म्हणतात, पण शेजारी बसणाऱ्याला तो एका दिवसात झालेला दिसतो. एका सकाळी मल्लू रजिस्टरवर सही करायला वाकला आणि त्याच्या कॉलरमधून गळ्याचं हाड दिसलं. त्यालाही तेव्हाच ते सापडलं असावं. पोराला नवं खेळणं मिळावं तसा तो दिवसभर त्याच्यावरून बोट फिरवत होता. "दत्त्या, हाड लागलं बघ हितं. हात लाव, हात लाव की." मी हात लावला. खरंच हाड होतं. मी म्हणालो, "बरं नाही दिसत. आजारी वाटतोस." तो खो-खो हसला. आता पोट हसत नव्हतं, नुसते दात.

हे मात्र त्याचं सांगायला हवं, नाहीतर तो साधूबिधू वाटायचा. मल्लू भारी नखरेल झाला होता. दुकानाच्या काचेत स्वतःची बाजू बघायचा. ऑफिसात कुणी खुर्ची दिली तरी उभाच राहायचा, म्हणजे पट्ट्याचं नवं भोक लोकांना दिसावं. पट्ट्याला भोकं तो स्वतः खिळा तापवून पाडायचा आणि प्रत्येक भोक मला आणून दाखवायचा. मी म्हणायचो, "वा." आणि ऑफिसनं तेवढ्यात आमची नावं बदलली. तो झाला टॉवेल. मी एकटाच चादर राहिलो. जोडीतला एक गेला की दुसऱ्याचा आकार केवढा दिसतो हे मला तेव्हा कळलं. तो शेजारी होता तोवर मी जाड नव्हतोच, आम्ही जाड होतो.

घरी तर बोलायची सोय नव्हती. सुनंदा पोळीवर तूप सोडता-सोडता थांबायची आणि म्हणायची, "मल्लूभावजींच्या गालाला हाडं आलीत, नाही? अगदी कॉलेजातले वाटतात." मी म्हणायचो, "तूप सोड."

मग एक दिवस तो मला घेऊन मास्तरांकडे गेला. हातात जुन्या शर्ट-पँटींचं गाठोडं. सगळे आमच्या मापाचे, एकेक ताग्याची आठवण असलेले. मास्तरांनी आधी मल्लूकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग गळ्यातली टेप काढून हातात घेतली. मल्लूला मापून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दबा के रखूं, क्या काट डालूं?"

शिवणकामात याला फार अर्थ आहे. दाबून ठेवलं म्हणजे जादा कापड शिवणीच्या आत दुमडून राहतं. उद्या माणूस पुन्हा भरला तर उसवायचं, मोकळं करायचं. कापलं की संपलं. मला वाटलं, हा दाबून ठेवा म्हणेल. जगात कोण म्हणत नाही?

"काटो," मल्लू म्हणाला.

"सोच लेव साब. कटा कपडा वापस नहीं आता."

"उसीच के वास्ते काटो मास्तर."

कात्री चालली. आमच्या पाच-सहा दिवाळ्यांच्या पट्ट्या खाली पडल्या. मास्तरांनी त्या पायानं सरकवल्या आणि मला म्हणाले, "आव साब, तुमकोबी नाप लेता." मी म्हणालो, "माझं माप तुम्हाला पाठ आहे की." ते म्हणाले, "वो दोनों का था." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पोटाला टेप लावली.

मी काही तेवढ्यानं आशा सोडली नव्हती. येळवस जवळ आली होती. वेळ अमावस्येला आमच्याकडे शेतात जेवण असतं. मल्लूच्या शेतावरचं आमंत्रण मला दर वर्षी. कडब्याच्या कोपीत पूजा, मग ज्वारीच्या पिकाशेजारी पंगत. शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, गाडगंभर अंबिल, आणि महादेवीच्या शेंगापोळ्या. त्या पोळ्यांपुढं भल्याभल्यांचं साक वितळतं. मी मुद्दाम मल्लूच्या समोर बसलो. महादेवीनं पहिली पोळी वाढली. तळहात आडवा आला नाही. दुसरी वाढली, त्यानं तुपाची वाटी पुढं केली. तिसरी त्यानं स्वतः मागून घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं राहिलं होतं. गडी परत आला, असं मला वाटलं. मी त्याच्या बरोबरीनं खाल्लं, त्याच्या पुढंही गेलो, आनंदात माणसाला भान राहत नाही. मग त्यानं हात धुतला, ढेकर दिली, आणि आम्ही आलो त्या जीपच्या टपावरून दोरी सोडून अण्णाला खाली घेतला.

"कुठं बे?"

"घरी. तुमी या जीपनं सावकाश."

सगळी मंडळी जीपमध्ये डोलत, पेंगत सोलापूरला आली. मीही पेंगत होतो, पण एका वळणावर डोळा उघडला तर तो पुढे जाताना दिसला. मावळतीचं ऊन अंगावर घेऊन, शीळ घालत. पडला असता तर मी त्याला उचलला असता, सोबत केली असती. पण हा माणूस खाऊन परत जाग्यावर यायला शिकला होता. उपाशी राहणाऱ्याला मी एक वेळ माफ करीन.

पन्नासावा वाढदिवस आला तेव्हा अव्वानं तो घरात करू दिला नाही. "ओलांडू दे आधी," म्हणाली. दिवस मावळून दुसरा उजाडला, मग तिनं नवस फेडायची तयारी केली. गावच्या देवळासमोर लिंबाचं झाड आहे. अडत दुकानातला जुना मोठा तराजू आणून फांदीला बांधला. गुळाच्या ढेपा पोत्यावर रचल्या. सगळा गाव गोळा झालेला. देवळातल्या स्वामींनी मंत्र म्हटला आणि मल्लू धोतर सावरत पारड्यात बसला.

अव्वा काठी टेकत पुढं आली. तिनं त्याला खालून वर बघितलं. "हे काय? माजा मल्लू येवढाच व्हय?"

"आता हाय तेवढाच बसणार की अव्वा," स्वामी म्हणाले.

"मी बोलले तवा येवढा नव्हता. देवाला दावताना भरलेलं पोरगं दावलं, आन् देताना हे वाळलेलं? न्हाई जमत. देव काय म्हनंल?"

लोक हसले, पण अव्वा हसली नाही. कुणी म्हणालं, जुनं वजन माहीत आहे, तेवढा गूळ काट्यावर मोजून घेऊ. अव्वा म्हणाली, "मी आकडा बोलले न्हाई. माणूस बोलले." दुसरा म्हणाला, कमी पडेल तेवढ्या वजनाचे दगड ठेवू शेजारी. "माज्या पोराच्या जागी धोंडा?" तो मागं सरकला. तेव्हा मल्लू पारड्यातूनच म्हणाला, "अव्वा, अण्णाला घेतो की मांडीवर. भरंल तेवढं."

अव्वा वळली. झाडाला टेकवलेल्या त्या सायकलीकडे, चेनकव्हरवरच्या नावाकडे तिनं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ते एक नाव ओळखू येत होतं. "शिवा नको," ती म्हणाली. "शिवाचं वजन देवानं आधीच घेतलंय."

मी मागं, पंगतीच्या चुलीजवळ उभा होतो. तिची नजर फिरत-फिरत माझ्यावर आली आणि थांबली.

"दत्ता, हिकडं ये."

मी गेलो.

"त्यो दर्जी म्हनायचा न्हवं, तुमचं दोगांचं माप एकच हाय म्हनून?"

"ते पूर्वी, अव्वा."

"मी पूर्वीच बोलले. बस हितं."

"नवस मल्लूचा, मी बसून कसं चालेल?"

"का न चालाया? मी बोलले तवा मल्लू असा व्हता. आता तसा तूच हायस."

मल्लू पारड्यातून उतरला. मला वाटलं, तो तरी हसून विषय मोडेल. त्यानं माझा हात धरला आणि मला पारड्यात बसवलं. दोऱ्या कुरकुरल्या, फांदी वाकली, पारडं धाडकन जमिनीला टेकलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सुनंदाही होती त्यांच्यात. मी मान खाली घातली. समोरच्या पारड्यात मल्लू एकेक ढेप उचलून ठेवू लागला. पूर्वी गुळाची एक ढेप उचलताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. आता तो वाकत होता, उठत होता, वाकत होता, आणि गळ्याची ती दोन हाडं घामानं चमकत होती. बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

मग माझे पाय जमिनीवरून सुटले. हळूच. मी दोऱ्या घट्ट धरल्या. हसणारे लोक थांबले आणि कुणीतरी देवाच्या नावाचा गजर केला. मी वर चाललो होतो आणि खाली मल्लू शेवटची ढेप छातीशी धरून रडत उभा होता. बापाचं वजन, भावाचं वजन, त्याचं स्वतःचं वजन, ते सगळं त्याला माझ्यात बसलेलं दिसत असावं. पन्नाशी त्याची ओलांडून झाली होती आणि उचलला मी जात होतो. माझ्या आयुष्यात मला तसं कुणी उचललेलं नाही. लाज वाटत होती, आणि खाली उतरूच नये असंही वाटत होतं.

उतरल्यावर अव्वानं गुळाचा पहिला खडा माझ्या तोंडात घातला. "बसला त्यो मानकरी." मग मल्लूला दिला. दुसरा खडा पुढं केला तेव्हा त्यानं तळहात आडवा धरला. "साक, अव्वा."

मी दुसराही खाल्ला. अव्वानं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि हळूच म्हणाली, "ह्ये वजन आता देवाला दिलं बग. दिलेलं परत घरला न्यायचं नसतंय."

मी ते सगळं जीपमध्ये घालून घरी आणलं. शिवाय प्रसादाची अर्धी ढेप.

पुढं काही महिन्यांनी मल्लूची बदली झाली, अकलूजला. सामानाचा टेम्पो, अव्वा आणि महादेवी आदल्या दिवशी पुढं गेल्या. हा सायकलवर जाणार म्हणून हटून बसला. ऑफिसानं त्याला वेड्यात काढलं आणि मग सगळ्यांनी हार घातला. मी स्कूटरवरून पुणे नाक्यापर्यंत त्याला पोचवायला गेलो. तिथं तो थांबला, हार काढून माझ्या हँडलला अडकवला, बाटलीतलं पाणी प्यायला. त्याच्या अंगात आमच्या शेवटच्या दिवाळीचा शर्ट होता. निळ्या बारीक रेघांचा; तसाच माझ्याही अंगात होता, फक्त माझा बटणांपाशी ताणलेला. त्याच्या कुशीला मला काहीतरी जाडसर दिसलं. मी बोट लावून बघितलं. आत कापडाची घडी होती.

"हा कापला नाहीस?"

"न्हाई. येवढा एक दाबून ठेवा म्हणलं मास्तरांना."

"का बे?"

"असू दे की. तुज्या मापाचा एक असू दे अंगावर." आणि मी पुढं काही बोलायच्या आत त्यानं तळहात आडवा केला. "साक. ऊन व्हायच्या आत निघतो."

तो निघाला. वारा मागून होता. शर्टाच्या दोन्ही कुशींना ते दुमडलेलं कापड फुगलेलं दिसत होतं. माझी तेवढी जागा त्यानं ठेवली आहे, हे मला कळत होतं. आणि तरी मी तिथंच, नाक्यावर, स्कूटर चालू ठेवून वाट बघत होतो. पुढं रस्ता चढतो. तिथं त्याला धाप लागेल, तो उतरेल, अण्णाला हातात धरून चालायला लागेल, आणि मग मी जाऊन त्याला गाठीन.

चढ आला. मल्लू सीटवरून उठलासुद्धा नाही.